खासगी शाळेतली विभागीय चौकशी: १२० दिवसांचं गणित कसं जमवायचं

कर्मचाऱ्याने मोठी चूक केली आहे, पुरावाही हाताशी आहे, तरी संस्था शाळा न्यायाधिकरणात (शाळा कर्मचाऱ्यांची अपिलं ऐकणाऱ्या न्यायपीठात) हरते आणि बडतर्फ शिक्षक मागील पगारासह परत रुजू होतो, हे महाराष्ट्रात नवं नाही. बहुतेक वेळा चौकशीतला मुद्दा चुकीचा नसतो, कागद चुकीचा असतो. १९७७ चा महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली यांत प्रत्येक पायरीला मुदत घातलेली आहे. पुढचं सगळं संस्थेचे सचिव आणि मुख्याध्यापक यांच्यासाठी आहे. ज्यांच्यावर चौकशी बसली आहे त्यांनीही वाचावं, आपल्या फायलीत काय निसटलं आहे ते त्यावरून कळेल.

आधी ठरवा की चौकशी लागणारच आहे का. ताकीद, ठपका, एक वर्षापर्यंत वेतनवाढ रोखणं, संस्थेच्या नुकसानीची वसुली या किरकोळ शिक्षा आहेत. त्यासाठी लेखी खुलासा मागवून, तो वाचून, कारणांसह आदेश काढला की पुरतं. पदावनती किंवा सेवासमाप्ती करायची असेल तरच १९८१ च्या नियमावलीतल्या नियम ३६ आणि ३७ ची, समितीमार्फत होणारी पूर्ण चौकशी लागते. उशिरा येणं, टाचणवही न लिहिणं अशा गोष्टींवर थेट समिती बसवणाऱ्या संस्था स्वतःचं वर्ष वाया घालवतात. परिविक्षेवरच्या, म्हणजे कायम होण्याआधी दोन वर्षं पारखल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्याची गोष्ट वेगळी. काम समाधानकारक नसेल तर एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन त्याची सेवा संपवता येते. पण त्या दोन वर्षांत त्याच्या कामाचं एकही मूल्यमापन लिहिलेलं नसेल तर 'समाधानकारक नाही' हे कशावरून ठरवलं, याला उत्तर उरत नाही.

प्रकरण विद्यार्थ्याच्या लैंगिक छळाचं असेल तर पोक्सो (बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्याखाली पोलिसांना कळवणं ही पहिली पायरी. शाळेची चौकशी होईपर्यंत ते थांबवता येत नाही, आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला म्हणून शाळेची चौकशी आपोआप संपत नाही.

आता मुदतींकडे. आरोपांचं विवरण रजिस्टर्ड टपालाने, पोचपावतीसह पाठवायचं आणि ते मिळाल्यापासून ७ दिवसांत खुलासा मागायचा. खुलासा पटला नाही तर १५ दिवसांत तो व्यवस्थापनापुढे ठेवायचा. व्यवस्थापनाने पुढच्या १५ दिवसांत चौकशी करायची की नाही हे ठरवायचं. करायची ठरली तर आपल्या बाजूच्या सदस्यांची नावं कळवून कर्मचाऱ्याला त्याचा प्रतिनिधी सुचवायला सांगायचं. प्रतिनिधीच्या लेखी संमतीसह नाव द्यायला त्याला १५ दिवस मिळतात. समिती गठित झाल्यापासून ७ दिवसांत दोषारोपपत्र, त्यावर उत्तराला १० दिवस.

बेरीज करा: ७, १५, १५, १५, ७, १० मिळून ६९ दिवस. शेवटी कामकाजाचा गोषवारा आणि साक्षींच्या प्रती पाठवायला ४, अंतिम म्हणण्याला ७, समितीच्या निर्णयाला १०, म्हणजे आणखी २१. एकूण ९०. चौकशी संपवायची मुदत १२० दिवसांची आहे आणि ती समितीच्या पहिल्या बैठकीपासून किंवा निलंबनापासून, जे आधी असेल तिथपासून धावू लागते. सुरुवातीलाच निलंबन केलंत आणि प्रत्येक मुदत शेवटच्या दिवसापर्यंत ताणलीत, तर साक्षीपुराव्यासाठी जेमतेम ३० दिवस उरतात, त्यातून टपालाचे दिवस वजा. मुदतवाढ शिक्षण उपसंचालकांकडून घ्यावी लागते, तीही खास कारण दाखवून. ती मिळाली नाही तर चौकशी चालू राहते, मात्र निलंबन संपतं आणि कर्मचारी कामावर रुजू झाला असं मानलं जातं.

म्हणून आपल्या हातातल्या दोन मुदती आखडायच्या. खुलासा येणार त्या आठवड्याचीच कार्यकारिणीची सभा आधी लावून ठेवा. १५ अधिक १५ दिवसांचं काम एका सभेत उरकतं. ठरावात चौकशीचा निर्णय आणि व्यवस्थापनाच्या सदस्याचं नाव दोन्ही एकदम घ्या. कर्मचाऱ्याच्या मुदतींना मात्र हात लावू नका. '१५ ऐवजी ८ दिवसांत नाव द्या' असं पत्र म्हणजे त्याच्या अपिलातला पहिला मुद्दा आपण होऊन लिहून देणं.

निलंबन शक्यतो चौकशीचा ठराव झाल्यावरच करा. माणूस शाळेत राहिला तर मुलांवर किंवा पुराव्यावर परिणाम होईल अशी परिस्थिती असेल तरच आधी. शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वमान्यता घेतली असेल तर निर्वाह भत्ता (निलंबनकाळात पगाराऐवजी मिळणारी रक्कम) पहिले ४ महिने वेतन अनुदानातून मिळतो, नंतर संस्थेच्या खिशातून. पूर्वमान्यता घेतली नाही तर पहिल्या दिवसापासून संस्थेच्याच खिशातून. भत्ता अर्धपगारी रजेच्या वेतनाच्या हिशेबाने द्यायचा, आणि निलंबित कर्मचारी परवानगीशिवाय मुख्यालय सोडून गेला किंवा दुसरी नोकरी करू लागला तरच तो रोखता येतो. 'चौकशीला सहकार्य करत नाही' हे भत्ता थांबवायचं कारण नव्हे.

समिती तीन जणांची. कर्मचारी मुख्याध्यापक नसेल तर एक व्यवस्थापनाचा सदस्य (हाच निमंत्रक), एक कर्मचाऱ्याने निवडलेला कुठल्याही खासगी शाळेतला कर्मचारी, आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. चौकशी मुख्याध्यापकाची असेल तर व्यवस्थापनाकडून अध्यक्ष बसतात आणि तिसरा सदस्य पुरस्कारप्राप्त मुख्याध्यापक लागतो. इथे दोन जागी हमखास घसरतं. ज्याने तक्रार केली किंवा जो साक्षीदार आहे त्यालाच व्यवस्थापनाचा सदस्य नेमतात. आणि तिसरा सदस्य 'आदर्श शिक्षक' म्हणून ओळखीतला कोणी घेतात, ज्याचा पुरस्कार राज्याचा नसून एखाद्या मंडळाचा असतो. पुरस्काराच्या पत्राची प्रत फायलीत लावूनच नेमणूक करा. कर्मचाऱ्याने मुदतीत नाव दिलं नाही तर समिती दोघांची धरली जाते. तसं नोंदवून पुढे जा.

दोषारोपपत्रावर वेळ घालवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं असतं. 'आपले वर्तन बेशिस्त व शाळेच्या प्रतिमेस बाधा आणणारे आहे' हा आरोप नाही, नुसतं मत आहे. त्याला उत्तर काय देणार? असा आरोप लिहा: 'दि. १२ जुलै रोजी ११.४० ते १२.२० या तासिकेला आपण इयत्ता आठवी 'ब' च्या वर्गावर नव्हता. हजेरीपटावर मात्र त्या तासिकेची उपस्थिती आपल्या सहीने भरलेली आहे (जोडपत्र ३).' तारीख, वेळ, जागा, कृती, कागद. एका आरोपात एकच घटना. आरोपांच्या विवरणात नसलेला नवा आरोप दोषारोपपत्रात घुसडू नका. शेवटी आरोप कोणत्या सदरात बसतो ते लिहा: गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कर्तव्यात हेतुपुरस्सर आणि सततचा हलगर्जीपणा, की अकार्यक्षमता. 'सतत' म्हणायचं तर आधीच्या मेमोंच्या प्रती हव्यात, एका मेमोने ते सिद्ध होत नाही.

बैठका शक्यतो शाळेतच आणि शाळेच्या वेळेत घ्या. प्रत्येक साक्षीनंतर कर्मचाऱ्याला उलटतपासणीची संधी द्या आणि ती दिल्याचं लिहा. तो 'प्रश्न नाहीत' म्हणाला तर तेही लिहा. दर बैठकीचं कामकाज त्याच दिवशी लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या; कोणी नकार दिला तर निमंत्रकाने तसा शेरा मारायचा. दुसऱ्या दिवशी टाइप करून सह्या घेतो म्हणालात की 'हे मी बोललोच नव्हतो' सुरू होतं.

टपालासाठी फायलीच्या पहिल्याच पानावर तक्ता करा: काय पाठवलं, कधी टाकलं, कधी पोचलं, मुदत कधी संपते. मुदत पोचल्यापासून मोजायची, टाकल्यापासून नाही. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टात विलीन केली आहे, तेव्हा पोचपावती हवी हे काउंटरवर स्पष्ट सांगा. 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन लखोटा परत आला तर तो न फोडता तसाच जपा.

निर्णय समितीने एकत्र बसून घ्यायचा. सदस्यांनी घरी बसून वेगवेगळे अहवाल पाठवायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये विद्या विकास मंडळाच्या प्रकरणात यावरच बोट ठेवलं. कर्मचाऱ्याच्या प्रतिनिधीचं मत वेगळं असेल तर त्याच बैठकीत त्याची भिन्न मतपत्रिका, म्हणजे वेगळ्या मताची लेखी नोंद घ्या. प्रत्येक आरोपावर स्वतंत्र निष्कर्ष हवा: सिद्ध, अंशतः सिद्ध की असिद्ध, आणि कशावरून. नंतर शिक्षा.

निर्णय मिळाल्यापासून ७ दिवसांत व्यवस्थापनाने आदेश काढायचा. शिक्षा समितीने ठरवलेलीच असते. वेतनवाढ रोखा म्हटलं असताना अध्यक्षांना बडतर्फी करता येत नाही. कर्मचाऱ्याला आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत १९७७ च्या अधिनियमाच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. तेवढे दिवस मूळ फाईल संस्थेच्या कपाटात कुलपात ठेवा आणि मुख्याध्यापकांना वापरायला फक्त छायाप्रती द्या.