लांब मारतो म्हणून जिंकेल? गोल्फचा अंदाज बांधताना या चुका टाळा

ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली, तेव्हा आम्हा चार मित्रांत मिसळीची पैज लागली होती. मी डोळे झाकून रोरी मॅकिलरॉयचं नाव घेतलं. सहाच महिन्यांपूर्वी त्याने मास्टर्स ही अमेरिकेतली मानाची स्पर्धा जिंकलेली, ड्रायव्हर (चेंडू सगळ्यात लांब नेणारी काठी, म्हणजे क्लब) तर असा मारतो की बघत राहावं. स्पर्धा सुरू व्हायच्या आधी रोरीने सांगून टाकलं की इथे मी ड्रायव्हर काढणारच नाही. मिसळीचे पैसे गेले, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. टॉमी फ्लीटवुड २२ अंडरने, म्हणजे पारपेक्षा (कोर्ससाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा) २२ फटके कमी घेऊन जिंकला आणि रोरी पहिल्या विसातही नव्हता.

नंतर मी माझे आधीचे फसलेले अंदाज आठवून पाहिले. बहुतेक एकाच ठिकाणी फसले होते. मी माणूस बघितला, कोर्स बघायचा राहिला. आणि कोर्स बघितला तेव्हा तोही उलटा वाचला.

चूक पहिली: ‘अरुंद कोर्स, म्हणजे लांब मारणारा गेला’

ही चूक जाणकार म्हणवणारेही करतात, म्हणून तिच्यावर जरा वेळ घालवू.

सप्टेंबर २०२० मधली यूएस ओपन न्यूयॉर्कजवळच्या विंग्ड फूटवर झाली. फेअरवे, म्हणजे भोकाकडे नेणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्या, चिंचोळे, दोन्ही बाजूंना घोट्यापर्यंत गवत. सगळे म्हणत होते, इथे सरळ मारणाऱ्याचं राज्य. ब्रायसन डिशॅम्बोने आधीच्या काही महिन्यांत वजन आणि ताकद भरपूर वाढवली होती. तो आला तो सरळ ड्रायव्हर घेऊन सुटला. चार दिवसांत ५६ पैकी फक्त २३ फेअरवे त्याला सापडले. तरी तो सहा फटक्यांनी जिंकला, आणि पारच्या खाली स्पर्धा संपवणारा तो एकटाच होता. दुसरा आला मॅथ्यू वुल्फ, तोही दणकट मारणारा.

हे कसं झालं? थोडं गणित करा. चेंडू ३ अंश वाकडा गेला, तर २८० यार्डांवर तो मधल्या रेषेपासून जवळपास १५ यार्ड बाजूला पडतो आणि ३२० यार्डांवर जवळपास १७. म्हणजे लांब मारल्याचा तोटा दोन यार्ड आणि फायदा चाळीस यार्ड. फेअरवे इतके अरुंद असले की सरळ मारणाऱ्यालाही ते पुरेसे सापडत नाहीत, मग दोघंही गवतातच. फरक एवढाच की एकाच्या हातात वेज (जवळून चेंडू उंच उचलणारा क्लब) असतो आणि दुसऱ्याच्या हातात पाच नंबरचा आयर्न (नंबर जितका लहान, तितका पल्ला लांब). त्या गवतातून वेजने चेंडू ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, नेता येतो, लांब आयर्नने बहुतेक वेळा नाही. म्हणजे रफ, हे कडेचं गवत, दाट केलं की आपण समजतो त्याच्या बरोब्बर उलटं घडू शकतं.

मग दिल्लीत तसं का होत नाही? तिथे फेअरवेच्या कडेला गवत नाही, काटेरी झुडपांची भिंत आहे. चेंडू आत गेला की सापडला तर सापडला, आणि सापडला तरी खेळता येईलच असं नाही. अख्खा फटका दंडात जातो. म्हणून कोर्स अरुंद आहे का, हा प्रश्न अपुरा आहे. चुकल्यावर काय भरावं लागतं, ते विचारा. गवत असेल तर अर्धा फटका, तोही लांब मारणारा भरून काढतो. पाणी, झुडपं, हद्दीबाहेरच्या पांढऱ्या खुंट्या असतील तर तो हिशोब मोडतो.

झाडांचं प्रकरण आणखी वेगळं. अमेरिकेत हिल्टन हेड बेटावरचा हार्बर टाउन कोर्स पीट डायने जॅक निकलसच्या मदतीने आखला. ग्रीन लहान, आणि ओकच्या फांद्या अशा पुढे आलेल्या की फेअरवेवर असूनही चुकीच्या बाजूला असाल तर ग्रीनकडे जायचा रस्ता बंद. तिथे २००९ मध्ये ब्रायन गे दहा फटक्यांनी जिंकला, आणि त्याच्या काळातल्या सगळ्यात कमी अंतर मारणाऱ्यांत त्याची गणना व्हायची. एवढं वाचून ‘हार्बर टाउन म्हणजे छोट्या फटक्यांचा कोर्स’ अशी नोंद वहीत करू नका. तिथे पाच वेळा जिंकलेला डेव्हिस लव्ह तिसरा हा ऐन उमेदीत अमेरिकेच्या व्यावसायिक टूरवरच्या सगळ्यात लांब मारणाऱ्यांपैकी होता. ताकद असलेल्याला हवं तेव्हा ड्रायव्हर बॅगेत ठेवता येतो. दुसरे लाकडी क्लबने जिथे पोचतात, तिथे तो आयर्नने पोचतो. ताकद नसलेल्याला मात्र ऐनवेळी चाळीस यार्ड कुठून आणता येणार?

चूक दुसरी: कोर्सचं नाव ओळखीचं, म्हणजे कोर्स ओळखीचा

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण लिव्हरपूलजवळच्या हॉयलेकचं, म्हणजे रॉयल लिव्हरपूल क्लबचं.

२००६ ची ओपन, म्हणजे ब्रिटनमधली मानाची स्पर्धा. कडक उन्हाळा, गवत वाळून पिवळं पडलेलं, जमीन खडखडीत. चेंडू टेकला की डांबरी रस्त्यावर सोडल्यासारखा पळत सुटायचा. टायगर वुड्सने चार दिवसांत, ७२ होलमध्ये, ड्रायव्हर एकदाच मारला. बाकी टी-वरून (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून) आयर्न आणि तीन नंबरचा वुड, ड्रायव्हरपेक्षा कमी पल्ल्याचा. कारण तिथले बंकर. उभ्या भिंतीचे ते वाळूचे खड्डे असे की चेंडू आत गेला तर अनेकदा आडवा बाहेर काढण्यापलीकडे काही करता येत नाही. टायगरने ठरवलं, बंकरच्या अलीकडे थांबायचं आणि तिथून लांबचा दुसरा फटका अचूक मारायचा. १८ अंडर, दोन फटक्यांनी विजय.

त्याच कोर्सवर २०१४. जमीन हिरवी, मऊ. रोरी पहिल्या दिवसापासून पुढे होता आणि जिंकलाही तोच. शनिवारी शेवटच्या तीन होलमध्ये त्याने दोन ईगल (पारपेक्षा दोन फटके कमी) काढले, सोळाव्या आणि अठराव्या पार पाचवर, म्हणजे पाच फटके ठरलेल्या लांब होलवर. दोन्हींचं मूळ टी-वरच्या लांब फटक्यात होतं. चेंडू फारसा पळणार नाही आणि घरंगळत बंकरमध्ये जाणार नाही, हे माहीत असलं की बिनधास्त मारता येतं.

आणि २०२३. पुन्हा हॉयलेक, शेवटच्या दिवशी पाऊस. जिंकला ब्रायन हार्मन, तोही सहा फटक्यांनी. लहान चणीचा, डावखुरा, अंतराच्या यादीत खालच्या बाजूला. त्याच्या मागे बरोबरीत असलेल्यांत जॉन राम आणि जेसन डे होते. हार्मनने बंकर टाळले आणि जवळचे पट (ग्रीनवरून चेंडू भोकात ढकलायचे फटके) जवळजवळ चुकवलेच नाहीत.

एक कोर्स, तीन विजेते, तीन रीती. म्हणून मी आता स्पर्धेच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी हवामान बघतो. कोरडी टणक जमीन असेल तर अंतराची किंमत घसरते, कारण कमी मारणाऱ्याचाही चेंडू पळत पुढे जातो आणि लांब मारणाऱ्याचा पळत नको तिथे जातो. ओल्या जमिनीवर चेंडू जिथे पडतो तिथेच बसतो, मग हवेतून जास्त नेणाऱ्याचा फायदा. फक्त हा फायदा हार्मनसारख्या पटरसमोर टिकेलच असं नाही, हे मलाही तेव्हाच कळलं.

चूक तिसरी: कोर्स लांब केला की ताकदवाल्याला आळा बसतो

१९९७ मध्ये २१ वर्षांच्या टायगरने ऑगस्टाला मास्टर्स बारा फटक्यांनी जिंकली. २००२ पर्यंत आयोजकांनी कोर्स ६,९८५ यार्डांवरून ७,२७० वर नेला, २००६ मध्ये ७,४४५ वर. लोक म्हणाले, आता टायगरला लगाम बसला. लगाम कसला! सगळ्यांचेच दुसरे फटके लांब झाले. टायगरचा वेज जाऊन आठ नंबरचा आयर्न आला, पण दुसऱ्याचा सहा नंबर जाऊन तीन नंबर आला. ऑगस्टाच्या कडक, उतरत्या ग्रीनवर तीन नंबरचा आयर्न थांबवणं म्हणजे ओल्या फरशीवर लिंबू थांबवण्यासारखं. २००२ ची मास्टर्स टायगरनेच जिंकली, २००५ चीही. मधली २००४ ची फिल मिकलसनची.

तरी अपवाद येतोच. २००७ ला थंडी आणि वारा असा होता की जिंकणारा आकडा पारपेक्षा एक जास्त आला. जिंकला झॅक जॉन्सन. चार दिवसांत त्याने एकाही पार पाचवर दोन फटक्यांत ग्रीन गाठायचा प्रयत्न केला नाही. दरवेळी आवडत्या वेजच्या अंतरावर थांबला आणि त्या सोळा होलमध्ये ११ अंडर खेळला. टायगर बरोबरीत दुसरा आला.

नोव्हेंबर २०२० च्या मास्टर्समध्ये डिशॅम्बो म्हणाला होता, माझ्यासाठी हा कोर्स पार ६७ चा, म्हणजे इतरांपेक्षा सोपा आहे. विंग्ड फूट नुकतं जिंकलेलं, त्यामुळे मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या होलवर त्याचा चेंडू ओल्या जमिनीत कुठे रुतला ते सापडलंच नाही. रविवारी त्याच्यासोबत खेळत होता ६३ वर्षांचा बर्नहार्ड लँगर, ड्राइव्हला कितीतरी मागे. स्पर्धा संपली तेव्हा लँगर एका फटक्याने पुढे होता.

चूक चौथी: सरासरीचा आकडा बघून नाव ठरवणं

पीजीए टूरचा, म्हणजे अमेरिकेतल्या त्या व्यावसायिक टूरचा ‘ड्रायव्हिंग डिस्टन्स’ हा जुना आकडा प्रत्येक फेरीत फक्त दोन होलवर मोजतात. वाऱ्याचा परिणाम कटावा म्हणून ते होल विरुद्ध दिशांचे निवडतात. पण हातात कोणता क्लब होता, ते तो आकडा सांगत नाही. तिथे एखाद्याने शहाणपणाने आयर्न घेतला तर त्याची सरासरी पडते. त्यापेक्षा ‘स्ट्रोक्स गेन्ड’चा (इतरांच्या सरासरीपेक्षा किती फटके वाचवले, त्याचा) टी-वरचा रकाना बघा. त्यात अंतर आणि दिशा दोन्ही येतात, आणि हिशोब फटक्यांत मिळतो.

चूक पाचवी: ‘शेवटी सगळं पटिंगवर’

कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी टूरच्या लाखो फटक्यांचा हिशोब मांडला. अव्वल खेळाडूंची आघाडी सुमारे दोन तृतीयांश १०० यार्डांच्या बाहेरच्या फटक्यांतून येते आणि पटिंगचा वाटा साधारण १५ टक्के, असं त्यातून निघालं. वर्षभराचा हिशोब असा. एका आठवड्याचा तसा असतोच असं नाही. ७ ऑगस्ट २०२१ ची पहाट आठवा. बोगी म्हणजे काय हे माहीत नसलेली घरंही त्या शनिवारी टीव्हीसमोर बसली होती. अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये सगळ्यात कमी अंतर मारणाऱ्यांपैकी, आणि कांस्यपदकापासून एका फटक्यावर थांबली. अमेरिकेची नेली कोर्डा वेजने मारायची तिथे अदितीच्या हातात हायब्रिड, म्हणजे लांब पल्ल्याचा क्लब असायचा. चार दिवस तिने पटरने हे सगळं अंतर भरून काढलं. ‘शेवटी पट चुकला’ म्हणणाऱ्यांशी माझं अजून भांडण आहे.

आणि हौशी खेळाडूंसाठी एक

डिशॅम्बो जिंकला म्हणून वेग वाढवायच्या मागे लागू नका. रोरीसारख्याने ते केलं आणि २०२१ मध्ये कबूल केलं की त्या नादात आपला स्विंग बिघडला. रेंजवर रविवारी सकाळी कंबर धरून बसलेले लोक मी पाहिले आहेत. त्यातला एक मीच.

या माझ्या आडाख्यात न बसणारा माणूसही सांगतो. कोलकात्याचा एसएसपी चौरसिया, ग्रीनकीपरचा मुलगा, उंचीने लहान, अंतराने त्याहून लहान. चिप (ग्रीनजवळून मारायचा छोटा फटका) आणि पटच्या जोरावर त्याला ‘चिपुत्तसिया’ म्हणायचे. २०१६ ची इंडियन ओपन त्याने दिल्ली गोल्फ क्लबवर जिंकली, ते समजण्यासारखं होतं. पुढच्या वर्षी स्पर्धा गुरुग्रामला गॅरी प्लेयरने आखलेल्या डीएलएफच्या लांब, खडतर कोर्सवर गेली. तिथे माझ्या वहीप्रमाणे त्याला जागाच नव्हती. तो सात फटक्यांनी जिंकला.