ओव्हनमधले लाल भोपळ्याचे डोनट, आधी पाणी घालवा मग बाकीचं

गेल्या दिवाळीत जाऊबाई अमेरिकेतून आल्या तेव्हा बॅगेतून एक डोनटचा साचा काढून माझ्या हातात ठेवला, सहा खळग्यांचा, आणि वर वहीच्या कागदावर लिहिलेली पम्पकिन स्पाइस डोनटची रेसिपी. म्हणाल्या तुमच्या सांगलीत भोपळा काय ढिगानं मिळतो, कर की. मी केले. काट्यावर ग्रॅम ग्रॅम तोलून केले, आणि आतून निघाला कच्चा गोळा, वरनं ब्राऊन आणि आत शिऱ्यासारखं गच्च. दुसऱ्यांदा पाच मिनिटं जास्त ठेवले तर कडा करपल्या आणि आत तेच. आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एक खाऊन बघितला आणि विचारलं, "भोपळा आटवलास का गं?" तिथं माझी ट्यूब पेटली.

झालं होतं असं की ती रेसिपी डब्यातल्या पल्पची. अमेरिकेत पम्पकिन प्युरी टिनच्या डब्यात मिळते, आणि तो हॅलोविनला कोरतात तो केशरी गोल भोपळा नसतो बरं का, डिकिन्सन नावाची फिकट सालीची जात असते, इलिनॉय राज्यात मॉर्टन गावाच्या आसपास पिकते. ती जात आपल्या लाल भोपळ्याच्याच कुळातली, त्यामुळं चवीला आपला भोपळा कुठं कमी पडत नाही, उलट बरोबर बसतो. फरक फक्त पाण्याचा. डब्यातला पल्प घट्ट असतो, चमचा उभा राहील असा, आणि आपण कुकरला दोन शिट्ट्या काढून घोटला की त्याचं होतं सूप. तेव्हा ह्या रेसिपीत शिकायचं काय असेल तर भोपळ्यातलं पाणी घालवायचं, बाकी सगळं केक येणाऱ्या कुणालाही जमेल.

भोपळा मंडईत फोड कापून मिळतो तो घ्या, अख्खा घेऊन घरी कोयत्यानं झुंजत बसू नका. साधारण पाऊण किलोची फोड पुरते. गर गडद केशरी, जाड आणि कोरडा दिसला पाहिजे, बिया भरलेल्या पाहिजेत, कापलेल्या बाजूवर पाण्याचे थेंब दिसत असतील तर ती फोड भाजीला घेऊन जा, ह्याला नको. बिया आणि धागे काढा, साल राहू दे, दोन तुकडे करा, थोडं तेल चोळा आणि ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये, २०० डिग्रीला ४०-४५ मिनिटं भाजा, सुरी लोण्यात जावी तशी गेली की झालं. भाजल्यानं पाणी पण उडतं आणि भोपळ्याला एक खरपूस गोडी येते जी कुकरात कधीच येत नाही. लाईट बिल आठवून जीव होत नसेल तर कुकरात करा पण भोपळा पाण्यात बुडवू नका, भांड्यात कोरडा ठेवून नुसत्या वाफेवर शिजवा.

आता गर चमच्यानं काढा आणि पुरणयंत्रातून काढा. हो, पुरणयंत्रातूनच, मिक्सरपेक्षा चांगला येतो, धागे जाळीतच राहतात. मग कढईत घालून मध्यम आचेवर परता, तेल तूप काही नाही, नुसता. पुरण कसं आटवतो तसंच, उलथनं मधून फिरवलं की तळाला रस्ता दिसला पाहिजे आणि तो लगेच बुजता कामा नये. माझा कुकरचा गर ३०० ग्रॅम होता तो आटून २२० वर आला, म्हणजे बघा किती पाणी होतं, ८० ग्रॅम पाणी जास्तीचं पिठात गेल्यावर डोनट कशाला फुगतोय. आपल्याला हाच २२० ग्रॅम आटलेला गर पाहिजे.

गॅस बंद केला की गरम गरातच १५० ग्रॅम चिरलेला गूळ घाला आणि हलवत रहा, विरघळतो. मिश्रण परत सैल झाल्यासारखं दिसेल, घाबरू नका, गुळाला पाणी सुटतं, पण परत गॅसवर ठेवू नका नाहीतर पाक होऊन चिकट बसतं. गुळात कचरा दिसला तर एकदा चाळणीतून काढा. साखर घालायची तर ब्राऊन शुगर तेवढीच, पण आपल्या भागात इतका गूळ असताना मला तरी ते पटत नाही, भोपळा आणि गूळ हे लग्न जुनं आहे, घारगे काय उगाच झालेत का. हे सगळं पूर्ण गार होऊ दे. गरम मिश्रणात अंडी फोडली तर अंडाभुर्जी होते, हे पण अनुभवाचे बोल.

मसाल्याचं सांगते. पम्पकिन स्पाइस म्हणजे भोपळ्याचा मसाला असं वाटतं पण त्यात भोपळा नसतोच, भोपळ्याच्या 'पाय'मध्ये, म्हणजे आत गोड सारण भरून भाजतात त्या तिकडच्या पदार्थात, घालायचा मसाला म्हणून ते नाव. मॅककॉर्मिक कंपनीनं १९३४ मध्ये तो तयार डबीतून आणला, आणि त्याचं वेड लागलं ते २००३ मध्ये स्टारबक्सनं त्याची कॉफी काढल्यावर, गंमत म्हणजे त्या कॉफीत २०१५ पर्यंत भोपळ्याचा कणसुद्धा नव्हता. असो. डबी विकत आणायची काही गरज नाही, सगळं आपल्या डब्यात आहे. तीन चमचे दालचिनी पूड, दीड चमचा सुंठ पूड, अर्धा चमचा किसलेलं जायफळ, पाव चमचा लवंगेची पूड, चमचे म्हणजे मापातले छोटे, चहाचे. त्यांच्या मसाल्यात ऑलस्पाइस पण असतं, नावावरनं ते गरम मसाल्यासारखं मिश्रण वाटतं पण ती एकाच झाडाची वाळवलेली फळं असतात, तिकडं कॅरिबियन बेटांवरची. त्याला वास बराचसा लवंगेसारखा येतो म्हणून मी लवंग जरा सढळ हातानं घालते, झालं. ह्यातला दोन चमचे मसाला पिठात जाणार, उरलेला बरणीत ठेवा, चहात चिमूटभर मस्त लागतो.

आणि वेलची घालू नका. मला माहितीय हात जातो, जायफळ म्हटलं की पाठोपाठ वेलची येतेच आपल्याकडं, पण वेलची पडली की ते डोनट राहत नाहीत, गोल भोक पाडलेले घारगे होतात. घारगे छानच असतात पण मग तेच करा ना सरळ.

हळद पण नको. हे लिहायला लाज वाटते पण हळदीच्या गावात राहून मला पिठात रंगासाठी हळद घालायची सुचली, पाव चमचाच, आणि डोनट भाजून निघाले तर त्यावर लाल लाल ठिपके, गोवर आल्यासारखे. खायच्या सोड्याला हळद लागली की लाल होते, कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर होतो ना तसंच. रंग भोपळ्याचाच पुरेसा येतो.

आता पीठ. एका भांड्यात २०० ग्रॅम मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा मीठ, दोन चमचे मसाला, हे दोनदा चाळून घ्या. दुसऱ्या भांड्यात गार झालेला भोपळा-गूळ, दोन अंडी आणि ८० मिली तेल, चांगलं फेटा. तेल सूर्यफुलाचं किंवा कुठलंही बिनवासाचं, शेंगतेल चटणीला ठेवा, घाण्याचं तर अजिबात नको, पहिला घास शेंगदाण्याचाच लागतो. पातळ केलेलं तूप चालतं, मला आवडतं, पण गार झाल्यावर डोनट जरा घट्ट होतो. मग कोरडं ओल्यात घाला आणि फक्त एकत्र होईपर्यंत हलवा, मैद्याची पांढरी रेघ दिसायची थांबली की तुम्ही पण थांबा. इथं पोळीच्या कणकेसारखं मळायची सवय आड येते, जास्त घोटलं की मैदा चिवट होतो आणि डोनट ओढून तोडावा लागतो. पीठ सैलसर श्रीखंडासारखं दिसेल, चमचा तिरका केला की धार न पडता सावकाश सरकत खाली येईल असं. धार पडत असेल तर भोपळा कमी आटवलाय, अजून दोन चमचे मैदा घाला आणि पुढच्या वेळी लक्षात ठेवा.

अंड्याशिवाय करायचे असतील तर, आमच्याकडं चतुर्थीला तसेच होतात, दोन अंड्यांच्या जागी १२० ग्रॅम घट्ट दही घाला आणि सोडा अर्धा चमचा करा. दही पाणी सुटलेलं नको, परत तेच पाण्याचं रडगाणं. फुगतात थोडे कमी पण मऊ जास्त होतात, आईंना तेच आवडतात. निम्मी कणीक घातली तरी चालते, १०० मैदा १०० कणीक, कणीक पाणी जास्त पिते म्हणून दोन मोठे चमचे दूध वाढवा.

बेदाण्यांचा विषय पण काढते कारण तासगाव इतकं जवळ, सांगलीत बेदाणा नाही असं घर दाखवा. ह्यात घालू नका. ते तळाला बसतात, साच्याला चिकटतात आणि डोनट काढताना त्याचा निम्मा चेहरा साच्यातच राहतो.

ओटीजी १८० डिग्रीला दोन्ही रॉड लावून किमान १५ मिनिटं तापवा. छोट्या ओटीजीचा काटा खोटं बोलतो, माझा १८० म्हणतो तेव्हा आत २०० च्या जवळ असतं, एक ओव्हनचा थर्मामीटर आत ठेवून बघाच एकदा. साच्याला तेल लावा, मधल्या खुंटीला विसरू नका. पीठ चमच्यानं भरायला गेलात तर सगळीकडं सांडतं, पायपिंग बॅग नसेल तर दुधाची पिशवी स्वच्छ धुवून पुसून कोरडी करायची, पीठ भरायचं आणि कोपरा करंगळीएवढा कापायचा. खळगा दोन तृतीयांश भरा, जास्त नाही, नाहीतर फुगून मधलं भोक बुजतं आणि बन होतो. साचाच नसेल तर मफिनच्या ट्रेत मधोमध फॉइलची जाड गुंडाळी उभी करा, तिला पण तेल लावा. पहिल्यांदा आमच्या पोरानं बघितलं तेव्हा म्हणाला गोड मेदूवडा, आता घरात तेच नाव पडलंय.

मधल्या जाळीवर १२ ते १४ मिनिटं. पहिली १० मिनिटं दार उघडायचं नाही, कितीही वास येऊ दे. बोटानं हलकं दाबल्यावर परत वर आला आणि काडी कोरडी निघाली की झाला. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर १७० ला, आणि धातूचा साचा फक्त कन्व्हेक्शन मोडवर, मायक्रोवेव्ह मोडवर नाही. मध्येच लाईट गेली तर? माझी गेली होती, सातव्या मिनिटाला, मी दार उघडून बघितलं आणि सगळे मध्ये खचले. उघडलं नसतं तर आतल्या उष्णतेवर बरेचसे निभावले असते. ह्या मापात सहाच्या साच्याचे दोन घाणे होतात, दुसऱ्याचं पीठ तेवढा वेळ बाहेर थांबतं, काही होत नाही, फक्त मधे मधे ढवळत बसू नका.

बाहेर काढल्यावर साच्यातच पाच मिनिटं ठेवा, मग उलटा करून जाळीवर. लगेच काढले तर तुटतात, विसरून गेलात तर तळाला वाफ धरून ओले होतात.

वरची साखर म्हणजे १०० ग्रॅम साधी साखर आणि दोन चमचे दालचिनी पूड. डोनट कोमट असताना पातळ केलेलं लोणी ब्रशनं लावा आणि साखरेत दोन्ही बाजूंनी घोळवा. कडकडीत गरम असताना घोळवले तर साखर विरघळते, गार झाल्यावर चिकटत नाही, कोमटच. पिठीसाखर ह्याला नको, दाताखाली कुरकुरलं पाहिजे. आणि पावसाळ्यात एक करा, जेवढे खायचे तेवढेच घोळवा, आपल्याकडं जुलैत कृष्णा भरून वाहते तेव्हा हवेतच एवढं पाणी असतं की संध्याकाळपर्यंत साखरेचा पाक होऊन डोनट ताटाला चिकटून बसतात. साखरेऐवजी चक्का आणि पिठीसाखर फेटून वर लावली तर फार भारी लागतं, जाऊबाईंच्या कागदावर क्रीम चीज होतं, त्याच्या आंबटपणाची जागा चक्का बरोबर घेतो.

आता खरं सांगायचं तर हे तळलेल्या डोनटसारखे लागत नाहीत. तो यीस्टचा, जाळीदार, तेलातला प्रकार वेगळा, हा डोनटच्या आकाराचा केक आहे, त्या अपेक्षेनं खा म्हणजे रुसायला होणार नाही. पहिल्या दिवशी सगळ्यात छान, थंडीत बाहेर बंद डब्यात दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात, नंतर फ्रिजमध्ये तीन दिवस आणि खाताना १० सेकंद मायक्रोवेव्ह. साखर न लावलेले फ्रीजरमध्ये महिनाभर टिकतात म्हणे जाऊबाई, आमच्याकडं तेवढे उरले नाहीत कधी.

उरतो तो भोपळा, कारण पाऊण किलोच्या फोडीतून कधी कधी वाटीभर गर जास्त निघतो. तो आई घेतात. मी ओटीजी तापायची वाट बघत असते तोवर त्यांनी त्यात गूळ आणि मावेल तेवढी कणीक घालून, केळीच्या पानावर थापून, चार घारगे तळून पोरांच्या हातात दिलेले असतात.