वेकबोर्डिंगच्या बोटीला प्रोपेलर घेताय? या चुका टाळा

वेकबोर्डिंग म्हणजे बोटीमागे दोरी धरून फळीवर उभं राहून पाण्यावर घसरणं, आणि बोट ढकलणारा पंखा म्हणजे प्रोपेलर. पहिली चूक मी स्वतः केलीये म्हणून तीच आधी. सॅक्रामेंटोजवळच्या फॉल्सम लेकवर मी आणि बायको, बाकी बोट रिकामी, अशी टेस्ट घेतली, बोट सुसाट पळाली, फुल थ्रॉटलला आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) मॅन्युअलमधल्या रेंजमध्ये, म्हटलं झालं काम. मग तोच प्रोपेलर लावून लेक ताहोला गेलो, बोटीत आठ जण, बॅलास्ट टाक्या (लाट मोठी व्हावी म्हणून वजनाला पाणी भरतात त्या) फुल, आणि बोट नाक वर करून नुसती गुरगुरतेय, प्लेनवर यायचं, म्हणजे पाण्यावर उचलून घसरायचं, नाव नाही, मागे भाचा दोरी धरून पाणी पितोय!

ताहो ६,२०० फुटांवर आहे आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के कमी होते, म्हणजे १८ टक्के तिथेच गेली. वर बॅलास्ट. ९०० लिटर पाणी म्हणजे ९०० किलो, जवळपास एक स्विफ्ट बोटीत घालून फिरताय. भरलेली गाडी चौथ्या गिअरवर कसारा घाट चढवायला गेलं की जे होतं तेच हे, कारण प्रोपेलर म्हणजे बोटीचा गिअरच, आणि पिच म्हणजे एका फेरीत तो थिअरीत किती इंच पुढे जाईल ते.

म्हणून टेस्ट नेहमीच्या वजनावर आणि नेहमीच्या लेकवरच घ्या. फुल थ्रॉटलला आरपीएम रेंजच्या खाली अडकतोय तर पिच जास्त आहे, १ इंच कमी केलं की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतो. उलट लिमिटर (आरपीएम फार वाढला की इंजिनाला रोखणारा) लागतोय तर पिच वाढवा.

टॉप स्पीडच्या मागे लागणं ही दुसरी चूक. वेकबोर्डिंग होतं ताशी २०-२३ मैलांवर, ४० काय करायचेत? वजन ओढायला चार ब्लेडचाच घ्या, माझं तरी हेच मत.

बरेच जण फिरण्याची दिशा बघतच नाहीत. पुढे जाताना मागून बघितलं आणि घड्याळाच्या काट्यासारखा फिरला तर राइट हँड, पण इनबोर्ड (इंजिन आतच असलेल्या) बोटींना लेफ्ट हँडही भरपूर असतात, चुकीचा लावलात तर फॉरवर्ड टाकल्यावर बोट मागे जाईल. आणि मोठा डायमीटर घेताना ब्लेडचं टोक आणि बोटीचा तळ यात डायमीटरच्या निदान १० टक्के गॅप राहतोय का ते मोजा, नाहीतर सगळी बोट थरथरते.

प्रोपेलर नवीन नसेल आणि थरथर अचानक सुरू झाली असेल तर पिचच्या भानगडीत पडू नका, आधी हात फिरवून ब्लेड वाकलंय किंवा कडेला टवका उडालाय का बघा, दगडाला घासल्याचं बऱ्याचदा कुणी कबूल करत नाही. काढताना हातोडा अजिबात नाही, पुलरच (प्रोपेलर ओढून काढायचं अवजार) वापरा. जुना प्रोपेलर नीट असेल तर विकू नका, स्पेअर म्हणून बोटीत ठेवा, सोबत पुलर, पाना आणि जादा कॉटर पिनही (नट सुटू नये म्हणून घालतात ती).