हाय-रिझोल्यूशन गेमिंगसाठी कमी खर्चात अपग्रेड: आधी मोजा, मग विकत घ्या

मोठ्या रिझोल्यूशनवर जायचं ठरवलं की पहिला सल्ला हमखास मिळतो: "आधी प्रोसेसर बदल, नाहीतर बॉटलनेक होईल," म्हणजे संथ प्रोसेसर वेगवान कार्डाला अडवून धरेल. मोजक्या पैशांत काम भागवायचं असेल तर हा सल्ला फार महागात पडतो. रिझोल्यूशन वाढलं की काम वाढतं ते ग्राफिक्स कार्डाचं. प्रोसेसर दर फ्रेमला पात्रांच्या हालचाली, टकरींचे हिशेब आणि पडद्यावर काय काय काढायचं याची यादी तयार करतो. मॉनिटर कुठलाही असो, ही यादी जवळपास तेवढीच राहते. कार्डाला मात्र एकेक पिक्सेल रंगवावा लागतो. १०८०पीला (१९२० बाय १०८०) २०,७३,६०० पिक्सेल असतात, १४४०पीला ३६,८६,४०० आणि फोर-केला ८२,९४,४००. फोर-के म्हणजे १०८०पीच्या बरोबर चौपट.

तुमच्याकडे चालू स्थितीतला डेस्कटॉप आहे, तो उघडायची भीती वाटत नाही आणि १०८०पीवरून वर जायचं आहे, असं धरून पुढचं लिहितो.

पायरी १: लक्ष्य ठरवा

दोन आकडे लिहून ठेवा: हवं असलेलं रिझोल्यूशन आणि हवे असलेले एफपीएस, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम. बजेट कमी असेल तर माझं मत ठाम आहे. २७ इंचांचा १४४०पी मॉनिटर घ्या. २४ इंची १०८०पी मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात, २७ इंची १४४०पीवर १०९. हा फरक टेबलावर बसल्या बसल्या दिसतो. त्याच आकारात फोर-के घेतलं तर आकडा १६३ वर जातो आणि चित्र सुरेखच दिसतं, पण कार्डाचं काम १४४०पीच्या सव्वादोन पट होतं. मोठा फोर-के टीव्ही आधीच असेल किंवा अपस्केलिंग (चित्र कमी रिझोल्यूशनवर काढून मोठं करणं) कायम चालू ठेवायची तयारी असेल, तरच फोर-केच्या वाटेला जा.

मॉनिटरला व्हेरिएबल रिफ्रेश रेट, म्हणजे कार्डाच्या वेगाशी जुळवून पडदा ताजा करण्याची सोय, असलाच पाहिजे. फ्रीसिंक असो वा जी-सिंक, कार्ड थोडं कमी पडलं तरी चित्र फाटत किंवा अडखळत नाही ते यामुळेच. पण मॉनिटर अजून विकत घेऊ नका. आधी पुढची पायरी.

पायरी २: अडतंय कुठे ते शोधा

बहुतेक लोक इथेच घाई करतात आणि चुकीची वस्तू घरी आणतात. मलाही हीच पायरी नीट कळायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण समोर दिसणारे आकडे सरळ अर्थ सांगत नाहीत.

इंटरनेटवरचे बॉटलनेक कॅल्क्युलेटर पहिल्यांदा बाजूला ठेवा. प्रोसेसर आणि कार्डाचं नाव टाकलं की ते "१७ टक्के बॉटलनेक" असा काहीतरी निकाल देतात. या आकड्याला काहीही अर्थ नाही. एकाच मशीनवर, एकाच गेममध्ये, मोकळ्या रानात कार्ड अडतं आणि गर्दीच्या बाजारात प्रोसेसर. सेटिंग बदललं की मर्यादा बदलते. दोन नावांवरून काढलेल्या एका टक्केवारीत यातलं काहीच येत नाही.

त्याऐवजी एमएसआय आफ्टरबर्नर हे मोजमापाचं सॉफ्टवेअर आणि त्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर लावा. पडद्यावर इतक्या गोष्टी दिसू द्या: एफपीएस, फ्रेमटाइमचा (एकेका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख, कार्डाचा वापर, कार्डाचा क्लॉक (चालण्याचा वेग) आणि तापमान, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी). तुम्ही खरोखर खेळता तो गेम उघडा. त्यातली सर्वांत जड जागा निवडा, तिथे सेव्ह करून ठेवा आणि दर वेळी त्याच वाटेने एखादा मिनिट चाला. गेममधल्या तयार बेंचमार्कवर फार विसंबू नका. कित्येकदा तो प्रत्यक्ष खेळापेक्षा हलका असतो.

मोजण्याआधी व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या दराला बांधणारं सेटिंग) बंद करा, एफपीएसची मर्यादा काढून टाका, फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः बनवून घालणं) बंद ठेवा. हे विसरलं तर सगळी चाचणी फुकट जाते. ६० एफपीएसला मर्यादा घातली असेल तर कार्ड ६० टक्क्यांवर निवांत बसलेलं दिसतं आणि माणूस प्रोसेसरला दोष देऊन मोकळा होतो.

आता आकडे वाचा. कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर मर्यादा कार्डाची आहे, आणि मोठ्या रिझोल्यूशनसाठी तुम्ही योग्य ठिकाणी खर्च करणार आहात. मात्र त्याच वेळी क्लॉक घसरलेला आणि तापमान चढलेलं दिसलं, तर कार्ड कमी पडत नाहीये, ते तापतंय. पंखे आणि हीटसिंक साफ करा, पुन्हा मोजा.

कार्ड ६०-७० टक्क्यांवर आहे, मर्यादा कुठलीच घातलेली नाही, तरी एफपीएस वाढत नाहीत? तर प्रोसेसरच्या बाजूला अडतंय. "पण माझा सीपीयू तर ३० टक्केच वापरला जातोय" असं इथे लोक म्हणतात. तो आकडा फसवा आहे. बहुतेक गेमचं मुख्य काम एकाच थ्रेडवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या कामाच्या एकाच रांगेत, चालतं. १२ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापरात तो फक्त ८ टक्क्यांच्या आसपास दिसतो. वर विंडोज ते काम या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत राहतं, त्यामुळे एकही कोअर १०० टक्क्यांवर दिसेलच असं नाही. प्रोसेसर अडतोय की नाही हे कार्डाच्या वापरावरून ओळखायचं, सीपीयूच्या टक्केवारीवरून नव्हे.

प्रोसेसर दोषी ठरवण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग बघा. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅमला पूर्ण वेग देणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केलेलं नसतं आणि चांगली रॅम मूळ संथ वेगाने चालत असते, हे मी फार वेळा पाहिलं आहे. एकच रॅमची पट्टी असेल तर दुसरी तशीच लावून ड्युअल चॅनल करा, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या जातील. दोनच पट्ट्या असतील तर त्या शेजारी-शेजारी लावू नका. चार खाचांच्या बहुतेक मदरबोर्डवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. एवढ्याने काही गेममध्ये प्रोसेसर बदलल्याइतका फरक पडतो.

यानंतरची चाचणी सर्वांत मोलाची आहे. गेमची बाकी सेटिंग जशीच्या तशी ठेवा आणि फक्त रिझोल्यूशन ७२०पीपर्यंत खाली आणा. कार्डावरचा भार उतरतो आणि जे एफपीएस दिसतात ती तुमच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा. गर्दीची घनता, किती लांबचं दिसावं, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढणं) ही सेटिंग प्रोसेसरवरही ओझं टाकतात, म्हणून ती या चाचणीत कमी करायची नाहीत. समजा आकडा ९० आला. मग जगातलं कुठलंही कार्ड लावलं तरी त्या जागी ९० च्या फार पुढे जाता येणार नाही. पण तुमचं लक्ष्य ६० असेल तर प्रोसेसर पुरेसा आहे आणि त्याचे सगळे पैसे कार्डाकडे वळवता येतात. आकडा ५० आला तर नुसतं कार्ड आणून ६० मिळणार नाहीत.

आता उलट चाचणी. मॉनिटर १०८०पीचा असला तरी मोठं रिझोल्यूशन आजच चालवून बघता येतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये डीएसआर आहे: १.७८ पट निवडलं की १४४०पी, ४ पट निवडलं की फोर-के. एएमडीकडे हीच सोय व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन या नावाने आहे. गेम बॉर्डरलेस खिडकीत चालत असेल तर आधी डेस्कटॉपचं रिझोल्यूशन वाढवा. चित्राची खरी धार अर्थातच दिसणार नाही, पण कार्डावरचा भार जवळजवळ खरा असतो. हवे त्याच्या निम्मे एफपीएस मिळाले, तर साधारण दुप्पट ताकदीचं कार्ड हवं. मॉनिटरवर पैसे घालण्याआधी ही माहिती हातात असणं फार मोठी गोष्ट आहे.

व्हीरॅम वेगळा तपासा. सरासरी एफपीएस चांगले, पण मान फिरवली की हिसका बसतो, टेक्स्चर उशिरा येतात, फ्रेमटाइमच्या आलेखात उंच सुळके उठतात: ही व्हीरॅम भरल्याची लक्षणं. जागा संपली की माहिती सिस्टीमच्या रॅममध्ये जाते आणि तिथून कार्डाला मदरबोर्डशी जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसच्या मार्गाने ये-जा करते. हा मार्ग व्हीरॅमच्या तुलनेत खूप अरुंद असतो. टेक्स्चर एक पायरी खाली आणा आणि गेम पुन्हा सुरू करा. हिसके थांबले तर निदान पक्कं. फक्त व्हीरॅम भरलेला दिसतो म्हणून घाबरू नका, कारण जागा रिकामी असेल तर बरेच गेम गरजेपेक्षा जास्त अडवून ठेवतात.

एक धोक्याची सूचना. अपस्केलिंग लावलं की आतलं रिझोल्यूशन खाली येतं. फोर-केला डीएलएसएस (एनव्हिडियाचं अपस्केलिंग) क्वालिटी म्हणजे आतून १४४०पी, परफॉर्मन्स म्हणजे आतून १०८०पी. त्यामुळे "फोर-केला प्रोसेसरचा प्रश्नच नाही" हे वाक्यही अर्धवट आहे. अपस्केलिंग वापरून १०० एफपीएस हवे असतील, तर ७२०पीच्या चाचणीत प्रोसेसरने त्याहून जास्त दिलेले असायला हवेत.

पायरी ३: कार्ड निवडा

मोठ्या रिझोल्यूशनसाठी ८ जीबीचं कार्ड आज नव्याने विकत घेऊ नका. १४४०पीला किमान १२ जीबी, फोर-केला १६ जीबी. नावावर जाऊ नका: आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं एकाच नावाने ८ आणि १६ जीबीमध्ये येतात. आरटीएक्स ३०६० तर १२ जीबीला १९२ बिट आणि ८ जीबीला १२८ बिट बस (मेमरीकडे जाणारा मार्ग) घेऊन आलं. खोक्यावरचा आकडा स्वतः वाचा.

मदरबोर्ड जुना, पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा असेल तर कार्ड किती लेन (त्या मार्गातल्या वाहिन्या) वापरतं तेही बघा. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६०० फक्त ८ लेन वापरतात. व्हीरॅम भरला की जुन्या बोर्डावर त्यांची गत जास्त वाईट होते. इंटेल आर्क बी५८० ला १२ जीबी आहे आणि १४४०पीला ते चांगलं चालतं, पण रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या जुन्या मशीनमध्ये ते लावू नका. तिथे त्याची बरीच ताकद वाया जाते.

वापरलेलं कार्ड घ्यायला माझी ना नाही. आरएक्स ६७०० एक्सटी, आरएक्स ६८०० यांच्यासारखी कार्डं अजून १४४०पी उचलतात. पैसे देण्याआधी ते तुमच्यासमोर अर्धा तास पूर्ण भाराखाली चाललं पाहिजे, आणि जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल व मेमरी जुळली पाहिजे.

कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी आणि जाडी बसते का, हे पट्टीने मोजा.

पायरी ४: पॉवर सप्लाय

इथे काटकसर करायची नाही. कार्डाच्या कंपनीने सांगितलेली क्षमता बघा आणि सप्लायचं वय व दर्जाही बघा. ८ पिनांचा जोड १५० वॉटसाठी असतो, ६ पिनांचा ७५ साठी, आणि स्लॉटमधून आणखी ७५ मिळतात. कार्डाला दोन जोड लागत असतील तर दोन स्वतंत्र केबल ओढा. साटाच्या (ड्राइव्हला वीज देणाऱ्या) केबलवरून अडॅप्टर लावून कार्ड चालवू नका. ती केबल एवढ्या करंटसाठी बनवलेलीच नाही. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) सप्लाय बदललात तर जुन्या सप्लायच्या केबल काढून ठेवा. सप्लायच्या बाजूच्या पिनांचा क्रम मॉडेलगणिक वेगळा असतो आणि चुकीच्या केबलने ड्राइव्ह किंवा बोर्ड जळू शकतो.

पायरी ५: प्रोसेसर, पण गरज असेल तरच

चाचणीत प्रोसेसर खरोखर कमी पडला, तरी पूर्ण मशीन मोडीत काढायची घाई करू नका. आहे त्याच सॉकेटमध्ये (प्रोसेसरच्या खाचेत) काय बसतं ते शोधा. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा बोर्ड असेल तर बहुतेकदा बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० किंवा रायझन ७ ५७००एक्स बसवता येतो. २०२२ चा ५८००एक्स३डी किंवा २०२४ चा ५७००एक्स३डी मिळाला तर सोडू नका. त्यांचा ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) गेममध्ये लगेच जाणवतो. इंटेलच्या एलजीए १७०० वर १२ व्या, १३ व्या आणि १४ व्या पिढीचे प्रोसेसर बसतात. बायोस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करा. नवा बसवल्यावर मशीन सुरूच झालं नाही तर अपडेट करणार कसा?

पायरी ६: जोडणी आणि सेटिंग

कार्डाची कंपनी बदलत असेल तर आधी डीडीयू या मोफत सॉफ्टवेअरने जुने ड्रायव्हर काढा. कार्ड बसवा, मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता कार्डाला लावा. एचडीएमआय २.० वर फोर-के ६० हर्ट्झच्या पुढे नीट जात नाही. १२० हवे असतील तर डिस्प्लेपोर्ट १.४ किंवा एचडीएमआय २.१ लागेल. विंडोजमध्ये रिफ्रेश रेट हाताने वाढवा, तो बहुधा ६० वरच राहिलेला असतो.

मग तीच जागा, तीच वाट, पुन्हा मोजा.

सेटिंग लावताना अल्ट्राचा हट्ट सोडा. सावल्या, धुकं, ढग आणि परावर्तनं एकेक पायरी खाली आणली तर चित्रात फरक शोधावा लागतो, एफपीएस मात्र स्पष्ट वाढतात. रे ट्रेसिंग बजेट कार्डावर बंदच ठेवा. टेक्स्चर मात्र व्हीरॅम पुरतो तिथवर वरच्या पातळीवर ठेवा. व्हीरॅम पुरत असेल तर त्यांनी वेग फारसा कमी होत नाही. एफपीएस कमी पडले तर मॉनिटरचं रिझोल्यूशन खाली आणू नका, अपस्केलिंगची क्वालिटी पातळी लावा. त्यात गेममधली अक्षरं आणि नकाशे पूर्ण रिझोल्यूशनवर राहतात. आधीच ६० च्या आसपास एफपीएस मिळत असतील तेव्हाच फ्रेम जनरेशन लावा. ३० वर लावलं तर आकडा मोठा दिसतो आणि माउस तितकाच जड राहतो.

शेवटी व्हेरिएबल रिफ्रेश रेट चालू करून एफपीएसची मर्यादा मॉनिटरच्या कमाल दरापेक्षा तीन-चारने खाली ठेवा: १४४ हर्ट्झला १४०.