चिमुकल्याला ट्रिक ऑर ट्रीटला नेताय? मग चारलाच निघा

पोरगं दोन-तीन वर्षांचं असेल ना तर ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या दिवशी (पोरं वेगवेगळे वेष घालून घरोघरी कँडी मागतात ना, तेच ट्रिक ऑर ट्रीट), अंधार पडायची वाट बघू नका, न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सहाच्या आतच सूर्य मावळतो आणि मग मोठ्या पोरांची झुंबड सुरू होते. ब्रुकलिनच्या पार्क स्लोपसारख्या भागात लोक सरळ घराबाहेर पायऱ्यांवर कँडीचं भांडं घेऊन बसलेले असतात, बेल वाजवायचीही गरज नाही, बरेच दुकानदारपण देतात. कुणी नाही, दिवाही बंद, तर पुढे चला. एकदोन ब्लॉक खूप झाले.

मास्क नकोच, नीट दिसत नाही आणि पाच मिनिटांत तो तुमच्याच हातात येतो. ड्रेस जरा ढगळ घ्या म्हणजे आत स्वेटर बसतो, पण लांबी घोट्याच्या वर हवी नाहीतर त्या उंच पायऱ्या चढताना पाय अडकलाच म्हणून समजा. स्ट्रोलर न्याच (येताना कडेवर कोण घेणार?).

नट्सची अ‍ॅलर्जी असेल तर निळसर-हिरवा भोपळा ठेवलेली घरं बघा, तिथे खाऊऐवजी स्टिकर वगैरे मिळतात. कडक गोळ्या, शेंगदाणेवाले चॉकलेट घरी आल्या आल्या काढून घ्या, एवढ्या लहानांच्या घशात अडकतात. ते तुम्ही खा की.