जुनी पिकअप पासिंगला का अडते? या चुका टाळा

जुनी पिकअप बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. सेल्फ मारतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, सायलेन्सरचा धूर बघतो, मीटरवरचे किलोमीटर बघतो आणि मान डोलावतो. गंमत अशी की वर्षाच्या पासिंगला गाडी तपासणारा माणूस इंजिनाकडे फारसं बघतच नाही. तेल गळतंय का, धूर किती येतो, झालं. त्याचा खरा वेळ गाडीच्या खाली जातो. म्हणून इंजिन ठणठणीत असलेली पिकअप दरवर्षी नापास होते आणि खडखड वाजणारी एखादी पहिल्या फटक्यात पास होते, यात नवल काही नाही.

मग जुनी पिकअप दरवर्षी भरवशाने पास होते का? होते. शिडीसारखी चॅसी (गाडीचा लोखंडी सांगाडा), मागे सरळ ॲक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा), पाट्यांचं म्हणजे एकावर एक ठेवलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं सस्पेन्शन. मोटारीच्या मानाने या गाडीत बिघडण्यासारखं कमी आणि दुरुस्त करायला सोपं. पण ती कोणत्या कामाला जुंपलेली होती, यावर सगळं ठरतं. वय आणि किलोमीटर हे दोन आकडे त्यातलं फार थोडं सांगतात.

तपासणी किती दिवसांनी, हे देशागणिक वेगळं. ब्रिटनमध्ये एमओटी ही गाड्यांची सक्तीची चाचणी १९६० साली सुरू झाली तेव्हा ती दहा वर्षांपुढच्या गाड्यांनाच होती; १९६७ मध्ये ही मुदत तीन वर्षांवर आणली. जर्मनीत छोट्या गाड्यांची तपासणी साधारण दर दोन वर्षांनी होते. भारतात मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं फिटनेस मिळतं आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी लागते. बघतात मात्र सगळीकडे जवळपास तेच: ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, चॅसी, दिवे, टायर, धूर.

ताज्या सर्टिफिकेटवर भुलू नका

"नुकतंच पासिंग करून आणलंय, आता वर्षभर बघायला नको." विकणाऱ्याचं हे वाक्य ऐकलं की उलट जास्त सावध व्हावं. पास याचा अर्थ त्या दिवशी, त्या तासाला गाडी किमान पातळीच्या वर होती, एवढाच. ब्रेकचे लायनर (चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे पट्टे) जेमतेम उरलेले असले तरी गाडी पास होते आणि दोन महिन्यांनी ड्रम घासायला लागतो.

एक सर्टिफिकेट बघण्यापेक्षा मागच्या चार-पाच तपासण्यांचे शेरे मागा. ब्रिटनमध्ये गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनचे निकाल, तेव्हाचं रनिंग, नापास होण्याचं कारण आणि 'यावर लक्ष ठेवा' असे शेरे फुकट दिसतात. अशी सोय जिथे नाही तिथे मालकाकडून जुने कागद मागायचे. कागद नाहीत म्हणाला तर तेही एक उत्तरच.

शेरे वाचायची एक रीत आहे. दरवर्षी वेगळी किरकोळ गोष्ट निघत असेल (एकदा बल्ब, एकदा वायपर, एकदा टायर) तर घाबरू नका. मालक आळशी आहे, गाडी नाही. तोच शेरा वर्षानुवर्षं फिरून येत असेल तर मात्र थांबा. 'मागच्या चॅसीवर वरवर गंज', पुढच्या वर्षी 'गंज वाढलेला', आणि त्याच्या पुढच्या वर्षी एकदम काहीच नाही. या कोऱ्या जागेचे अर्थ दोनच: नीट वेल्डिंग झालं किंवा वरून काळा रंग मारला. वेल्डिंगचं बिल आहे का, एवढं विचारलं की उलगडा होतो.

आणि रनिंग बघा. वर्षभर गाडी जवळजवळ हललीच नाही असं दिसलं तर 'कमी चाललेली' म्हणून खूश होऊ नका. उभ्या गाडीची हँडब्रेकची केबल आवळून बसते, ड्रमच्या आत गंज धरतो, टायरच्या कडेला बारीक भेगा पडतात. रोज चालणाऱ्या पिकअपपेक्षा अंगणात उभी राहिलेली पिकअप तपासणीच्या रोलरवर (ज्यावर चाकं फिरवून ब्रेक मोजतात) जास्त फजिती करते.

चॅसीवरचा ताजा काळा रंग

यावर जरा जास्त बोलायला हवं, कारण बाकीच्या सगळ्या दोषांवर पैसे टाकून इलाज होतो, इथे कधीकधी गाडीच संपते.

पिकअपची चॅसी म्हणजे दोन लांब पोकळ पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. पट्टीच्या वरच्या बाजूला, हौद्याखाली (माल भरायच्या जागेखाली), जिथे हात जात नाही तिथे चिखल आणि खत साचतं, ओल धरून ठेवतं. पोकळीत शिरलेलं पाणी बाहेर पडायची भोकं चिखलाने बुजतात. बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावर मीठ टाकतात, समुद्रकाठी हवाच खारी. तिथे हे काम झपाट्याने होतं. आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर पापुद्रा दिसेपर्यंत आतला पत्रा निम्मा खाल्लेला असतो.

नावाजलेल्या गाड्याही यातून सुटलेल्या नाहीत. अमेरिकेत टोयोटाच्या टाकोमा, टुंड्रा आणि सेक्विया या गाड्यांच्या चॅसी गंजतात म्हणून खटला झाला. २०१६ साली झालेल्या तडजोडीत सुमारे १५ लाख गाड्या होत्या आणि रक्कम ३.४ अब्ज डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. ब्रिटनमध्ये निसान नवाराच्या काही जुन्या गाड्यांची चॅसी कॅबिन आणि हौदा यांच्यामध्ये मोडली. म्हणजे 'कंपनी चांगली आहे' हे चॅसी न बघण्याचं कारण होऊ शकत नाही.

बघायचं कसं? गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घ्या. नुसतं मोबाइलच्या बॅटरीने वाकून बघण्यात अर्थ नाही. मागच्या पाट्यांचे ब्रॅकेट जिथे चॅसीला जोडलेत तिथून सुरुवात करा. छोट्या हातोडीने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने ठोकत पुढे सरका. धड लोखंड टणकन वाजतं. सडलेलं थबथब वाजतं, आणि ठोकताना पट्टीच्या आतून तांबूस भुगा गळायला लागला तर पुढचं बोलणं तिथेच थांबवावं. ब्रिटिश नियमात सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक किंवा सीट बेल्ट जिथे बसवलेत त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आतला गंज जास्त कडक नजरेने तपासतात. कुठल्याही देशात राहत असाल तरी हा ३० सेंटिमीटरचा हिशेब आपण स्वतःसाठी वापरावा.

चूक इथे दोन्ही बाजूंनी होते. घेणारा ताजा काळा रंग बघून 'मालकाने जपलीय' म्हणतो. मालक पासिंगच्या आदल्या दिवशी डांबरासारखं कोटिंग फासतो आणि तपासणाऱ्याच्या मनात नसलेली शंका तयार करतो. कोटिंग जरूर करावं, पण पास झाल्यानंतर, खाली धुऊन, वाळवून, गंज खरवडून. ओल्या गंजावर मारलेलं कोटिंग ओल आत कोंडतं.

वेल्डिंग झालेलं असेल तर ठिगळाच्या चारी कडांना सलग टाका आहे का ते बघा. चार ठिपके देऊन पत्रा चिकटवला असेल आणि वरून रंग असेल, तर ते काम चॅसी मजबूत करायला नव्हे, डोळ्यांना फसवायला केलेलं आहे.

मागचे ब्रेक

पिकअप रिकामी असली की मागचा भाग हलका. तशात मागचे ब्रेक जोरात लागले तर चाकं जाम होऊन गाडी घसरेल, म्हणून बऱ्याच पिकअपमध्ये मागे एक व्हॉल्व्ह असतो. त्याला ॲक्सलशी जोडलेली दांडी असते. हौद्यात माल पडला, गाडी बसली, की दांडी वर ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागे जास्त प्रेशर सोडतो. ही दांडी चिखल आणि गंजाने आवळून बसली की माल असो नसो, मागे प्रेशर कायम कमीच. चालवताना हे कळत नाही, कारण पुढचे ब्रेक वेळ भागवतात. रोलरवर कळतं.

गाडी उंच करून घेणाऱ्यांची इथे आणखी एक गंमत होते. पाटे उचलले, पण दांडी जुनीच ठेवली. आता व्हॉल्व्हला वाटतं गाडी कायम रिकामी आहे.

'मागची चाकं असमान' असा शेरा आला की लोक थेट लायनर बदलतात, तेही ज्या बाजूला कमी धरतंय त्याच बाजूचे. असं करू नये. दोन्ही ड्रम काढा. आत तेल दिसतंय का बघा. बोटाला चिकट, गंधकासारखा वास येणारं तेल असेल तर ॲक्सलचं सील गेलंय आणि डिफरन्शियलचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरचं) तेल लायनरवर आलंय. पातळ असेल तर व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणारा) गळतोय. कोरडं असेल तर ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर राखणारा) फिरतो का, हँडब्रेकची दोन्ही बाजूंची केबल सारखी ओढली जाते का, ते बघा. कारण सापडल्यावर लायनर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. तेल प्यालेले लायनर पेट्रोलने पुसून, घासून परत बसवणारे भेटतात. चार दिवस धरतं, मग पुन्हा तेच.

पाटे

पाटा तुटला असेल तर नापास, त्यात वाद नाही. पण तुटलेला पाटा पटकन दिसत नाही. धुळीत आणि ग्रीसमध्ये लपतो. तारेचा ब्रश मारा आणि मधल्या बोल्टाच्या आसपास आणि टोकांना बघा. तांबूस केसासारखी रेघ दिसली तर ती चीर. शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या कडीचे) रबरी बूश खाल्ले असतील तर पाट्याजवळ पहार घालून हलवल्यावर खटखट जाणवते. मूळ रचनेपेक्षा पाटे वाढवलेले असतील तर गाडीने क्षमतेबाहेर माल ओढलाय असं समजून चॅसीचे ब्रॅकेट आणि ॲक्सल दुप्पट बारकाईने तपासा.

हौसेने केलेले बदल

पिकअपवाल्याला हौस दांडगी. मोठे टायर पूर्ण वळवल्यावर मडगार्डला किंवा ब्रेकच्या नळीला घासतात, पण सरळ उभ्या गाडीत हे दिसत नाही. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला की उजेड भरपूर, पण तो विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हेडलाइटच्या झोताच्या तपासणीत अडतो. हौद्यावर टप (छत) घातला आणि वरचा ब्रेकचा दिवा झाकला गेला, हेही कितीदा होतं. ट्रेलरचा हूक लावला असेल तर त्याच्या वायरिंगचा सॉकेटही काही देशांत तपासतात.

सगळ्यात महागात पडणारी हौस म्हणजे सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर काढून टाकणं. "गाडी मोकळी पळते" म्हणून काढतात. ब्रिटनमध्ये मूळचा फिल्टर नसला किंवा त्यात ढवळाढवळ दिसली तर गाडी सरळ नापास, आणि तो परत बसवायचा खर्च जुन्या पिकअपला परवडणारा नसतो. घेतानाच विचारा आणि खाली वाकून फिल्टरच्या डब्यावर कापून परत जोडल्याचा टाका आहे का ते बघा.

डॅशबोर्डचे दिवे आणि डिझेलचा धूर

किल्ली फिरवली की इंजिन, एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅगचे दिवे लागायला हवेत आणि थोड्या वेळाने विझायला हवेत. लागलाच नाही तर बल्ब काढलाय. तपासणाऱ्याला हे माहीत असतं. आदल्या दिवशी स्कॅनरने कोड पुसून नेणारेही असतात. दोष तसाच असेल तर दिवा तपासणीच्या वाटेवरच परत पेटतो. एबीएसचा दिवा पिकअपमध्ये बहुतेक वेळा चाकाजवळच्या सेन्सरमुळे लागतो. तिथली वायर तुटलेली किंवा टोकाशी लोखंडी भुगा साचलेला असतो. महागडं युनिट बदलायच्या आधी ते बघा.

धुराच्या चाचणीला थंड गाडी नेऊ नका. अर्धा तास चांगली पळवून, इंजिन पूर्ण तापवून न्या. गावातल्या गावात फिरणाऱ्या डिझेल गाडीत काजळी साचते. चाचणीत ॲक्सिलरेटर दाबला की ती सगळी एकदम बाहेर येते. एअर फिल्टर बदलला नसेल तर तो आधी.

उरलेल्या किरकोळ गोष्टी

ब्रिटनच्या निकालांत दोषांच्या यादीत दिवे आणि सिग्नल कायम वर असतात. म्हणजे नापास होणाऱ्यांतले कितीतरी जण घरी दहा मिनिटं दिली असती तर वाचले असते. सगळे दिवे, नंबर प्लेटचा दिवा, हॉर्न, वायपर, काचेवर पाणी मारणारा पंप, तिन्ही सीट बेल्ट. टायरची नक्षी बऱ्याच देशांत किमान १.६ मिलिमीटर लागते. पिकअपचे टायर आतल्या बाजूने झिजतात, म्हणून हात आत घालून चाचपा. आणि हौदा रिकामा करून न्या. हत्यारं, दोर, अर्धी भरलेली पोती यांनी तपासणाऱ्याचं काम अडतं आणि मूडही जातो.

नापास झाल्यावर

शेरा घेऊन तडक गॅरेजला जाऊ नका. तपासणाऱ्याला विनंती करून तो दोष गाडीखाली उभं राहून बघून घ्या. बरेच जण दाखवतात. 'पुढचं सस्पेन्शन सैल' या तीन शब्दांवर गॅरेजवाला बॉल जॉइंट, आर्म, शॉकॲब्सॉर्बर सगळं बदलून देईल, आणि सैल असेल फक्त एक बूश. स्टिअरिंगचे एंड किंवा बॉल जॉइंट बदलले तर अलाइनमेंट (चाकांची दिशा सरळ लावून घेणं) करूनच फेरतपासणीला जा, नाहीतर नवे टायर महिन्या-दोन महिन्यांत खाल्ले जातील.

पास झाली पण सोबत 'लक्ष ठेवा' असे शेरे आले, तर त्यातले ब्रेकचे आणि गंजाचे त्याच महिन्यात उरका. ब्रेकच्या लोखंडी नळीवरचा 'वरवरचा गंज' पुढच्या वर्षीच्या तारखेची वाट बघत नाही. भरल्या गाडीने उतारावर ब्रेक दाबल्यावर ती फुटते. बाकीचे शेरे सर्व्हिसिंगच्या वेळी घेतले तरी चालतात.