कमी दिवसांच्या बाळाची फुप्फुसं कशी जपावीत

“बाळाला पेटीत ठेवलंय” असा निरोप आला की घरच्यांना वाटतं, आता सगळं डॉक्टरांच्या हातात. तसं नसतं. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं फार कोवळी असतात. व्हेंटिलेटरचा दाब, जादा ऑक्सिजन आणि जंतुसंसर्ग यांनी ती दुखावतात आणि श्वासाचा त्रास महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही. डॉक्टर याला बीपीडी म्हणतात. तो दरवेळी टळतोच असं नाही, पण धोका कमी करायची सुरुवात बाळ पोटात असतानाच करायची असते.

पहिलं, वेळ गाठा. सातव्या-आठव्या महिन्यात कळा आल्या, पाणी गेलं किंवा रक्त गेलं, तर “सकाळी बघू” म्हणू नका. चंदगड, गगनबावड्याहून भर पावसात कोल्हापूर गाठायला किती वेळ लागतो, हे तिकडच्यांना सांगायला नको. लगेच १०८ ला फोन करा. जन्मलेलं बाळ हलवण्यापेक्षा ते पोटात असताना आईला हलवलेलं कधीही बरं.

२४ ते ३४ आठवड्यांत प्रसूती होईल असं दिसलं तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. सरकारी दवाखान्यात सहसा डेक्सामेथासोन, ६ मिलिग्रॅमचे चार डोस, दर १२ तासांनी. त्यामुळे बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. तालुक्याहून सीपीआरला (कोल्हापूरचा मोठा सरकारी दवाखाना) किंवा दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात पाठवत असतील तर निघण्याआधी विचारा, “फुप्फुसांचं इंजेक्शन दिलं का? चिठ्ठीवर वेळ लिहिली का?” हा एक प्रश्न विसरू नका.

पेटीपाशी. माझ्या भाचीचं बाळ ३० आठवड्यांचं. नाकात इवल्याशा नळ्या, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत आणि बाटलीत सतत बुडबुडे. हे सीपॅप. बाळ स्वतः श्वास घेतं, यंत्र फक्त फुप्फुसं मिटू देत नाही. शक्य असेल तिथे व्हेंटिलेटरच्या आधी हेच वापरतात, गरज पडली तर फुप्फुसं मिटू न देणारं सरफॅक्टंट औषध देतात. बाळ ऑक्सिजनवर असताना मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९० ते ९५ दिसला तर घाबरू नका. ऑक्सिजन वाढवून १०० करण्याचा आग्रह तर अजिबात धरू नका, त्याने फुप्फुसांना आणि डोळ्यांनाही इजा होते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी कधी आहे, तेही विचारून ठेवा.

आईचं काम. पहिल्या दिवसापासून चीक काढा, सिरिंजमध्ये चार थेंब आले तरी ते द्या. दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहा, रात्रीसुद्धा. आईच्या दुधावरच्या बाळांना संसर्ग कमी होतो, बीपीडीही कमी आढळतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळाला उघड्या छातीशी धरा, वडिलांनीही. हात मात्र दरवेळी कोपरापर्यंत धुऊनच.

घरी आल्यावर. इथे मी आज्जींना हात जोडून सांगते: शेकशेगडी, ओव्याची धुरी या बाळाला नको. आईला शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या. चुलीपासून आणि विडी-सिगारेटपासून बाळ लांब ठेवा. शेजारी उसाचं पाचट पेटवणार असतील तर आधीच सांगून ठेवा आणि त्या वेळी खिडक्या लावून घ्या. बारशाची गर्दी पुढे ढकला. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्या, बाळ लहान दिसतं म्हणून लांबवू नका.

छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, दूध ओढताना बाळ दमून सोडून देत असेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.